दस्तात न लिहिलेले पाणी

गेल्या दिवाळीनंतर माझा भाचा आणि भाचेसून सांगलीत घर शोधू लागले, आणि हाताशी वेळ असलेला वडीलधारा माणूस म्हणून रविवारी त्यांच्याबरोबर हिंडण्याचे काम माझ्याकडे आले. भाचा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे, भाचेसून खासगी शाळेत शिकवते, मुलगी चार वर्षांची आहे, आणि विश्रामबागेतल्या त्यांच्या दोन खोल्यांचे भाडे दर अकरा महिन्यांनी वाढते. दोघांचा मिळून पगार महिन्याला पन्नास हजारांच्या आत आहे. त्यांच्याबरोबर पाहिलेल्या वीस-पंचवीस जागांतून जो एक प्रश्न मला त्या कुटुंबापुरता न राहता सगळ्या शहराचा वाटू लागला, तो मांडण्यापुरताच मी त्यांचा उल्लेख करतो आहे. प्रश्न असा की सांगलीत घराची किंमत, त्याचे आयुष्य आणि त्यात राहणाऱ्यांची पावसाळ्यातली झोप ज्या एका गोष्टीवर ठरते ती गोष्ट, म्हणजे त्या जमिनीची कृष्णेच्या पाण्याच्या तुलनेतली उंची, घराच्या एकाही कागदावर का लिहिलेली नसते? माझे म्हणणे असे की ती मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर आणि खरेदीखतात लिहिलेली असली पाहिजे, आणि ती लिहिल्याशिवाय दस्ताची नोंदणी होता कामा नये.

घर घ्यायचे म्हटले की शेजाऱ्यापासून बँकेतल्या अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकजण कागदांची यादी सांगतो. सातबारा पाहा, फेरफार मागे नेऊन पाहा, जमीन बिगरशेती झाली आहे का, रेखांकन मंजूर आहे का, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते पाहा, आणि शेवटी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांचा शोध, काढून घ्या. या यादीत चुकीचे काही नाही. परंतु ती बहुतेक सगळी एकाच प्रश्नाभोवती फिरते, आणि तो म्हणजे ही जमीन कोणाची आणि कोणाच्या परवानगीने बांधलेली आहे. जमीन कशी आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. शिवाय ज्या नोंदणीवर आपण एवढा भरवसा ठेवतो ती १९०८ च्या कायद्यानुसार दस्ताची नोंदणी असते. लिहून देणारा आणि लिहून घेणारा समोर आहेत ना, शुल्क भरले आहे ना, हे दुय्यम निबंधक पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे याची हमी त्याच्याकडून मिळत नाही. सातबाराही मुळात महसुलाची नोंद आहे आणि विरुद्ध पुरावा येईपर्यंत ती खरी धरली जाते, इतकेच तिचे वजन. म्हणजे जो प्रश्न विचारला जातो त्याचेच उत्तर अपुरे मिळते, आणि जो विचारला जात नाही त्याचे उत्तर ऑगस्टमध्ये कृष्णा देते.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही नदीच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत तळमजल्यावरची तीन खोल्यांची सदनिका पाहिली. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता, फरशी पुसून लख्ख केली होती, मागच्या बाजूला शेवग्याचे झाड होते. घर दाखवणारा एजंट म्हणाला, 'पाणी रस्त्यापर्यंत येतं, घरात येत नाही.' मला मात्र त्या खोल्यांत काहीतरी खटकत होते आणि ते काय हे कळायला थोडा वेळ लागला. एरवी छातीच्या उंचीला असणारे विजेचे बोर्ड तिथे झाडून सगळे माझ्या डोक्याच्या उंचीला होते, आणि मीटर जिन्याच्या पहिल्या वळणावर, हात ताणल्याशिवाय पोहोचणार नाही असा बसवलेला होता. भाचेसून म्हणाली, 'मुलांचा हात पोहोचू नये म्हणून असेल, मामा.' तिचे माहेर जतचे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात तिचे बालपण गेले, त्यामुळे पाणी घरात शिरते ही गोष्ट तिने ऐकली होती, पाहिली नव्हती. तरीही चौकशी तिनेच केली. शेजारच्या ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांना तिने विचारले, 'आजी, पाणी कुठवर आलं होतं?' आजींनी मान वर न करता उलट विचारले, 'कुठल्या सालचं सांगू?' मग उठून त्यांनी २०२१ साठी खिडकीच्या खालच्या कडेवर हात ठेवला आणि २०१९ साठी तोच हात आपल्या डोक्याच्या वर नेला. एजंट तोवर फोनवर बोलत रस्त्यावर गेला होता.

आजींच्या हाताने दाखवलेली ती दोन मापे सरकारदरबारी नाहीत असे मात्र नाही. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते. ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर पोहोचले. किती फुटांना कोणत्या भागात पाणी येते, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांना कधी हलवायचे, मारुती चौकाकडची दुकाने कधी रिकामी करायची, हे आपत्ती व्यवस्थापन सांभाळणाऱ्या यंत्रणेला ठाऊक असते आणि त्याप्रमाणे भोंगे लावलेल्या गाड्या फिरतात. माणसांना घराबाहेर काढताना जी माहिती शासन वापरते, ती त्याच घरात नवी माणसे राहायला जाताना कोणी सांगत नाही. माहिती गुप्त नसते. ती वेगळ्या खात्यात, वेगळ्या टेबलावर आणि वेगळ्या महिन्यात असते.

पूररेषा तर आखलेल्याच आहेत, असे यावर सांगितले जाईल. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि निळ्या व लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवून बांधता येते. नियम ठीक आहे, पण तो बांधणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्यासाठी ही भाषाच फसवी आहे. 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकले की माणसाला वाटते, २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत निवांत. वास्तविक त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार अशी शक्यता, आणि ती दरवर्षी नव्याने. घरकर्ज वीस वर्षांचे असते. निळ्या रेषेवरच्या घरात वीस वर्षे राहिलेल्या कुटुंबाने त्या काळात किमान एक पूर पाहण्याची शक्यता गणिताने शंभरात ५५ च्या वर येते, आणि 'शंभर वर्षांतून एकदा'च्या लाल रेषेवरही ती शंभरात १८ असते. हप्ते फिटण्याआधी पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे, एवढे एक वाक्य जर घर घेणाऱ्याला सही करण्यापूर्वी वाचायला मिळाले, तर तो कदाचित तरीही सही करेल. पण ती सही वेगळी असेल.

किमतीकडे वळतो, कारण या प्रश्नातला अन्याय तिथे दडलेला आहे. आम्हाला नदीपासून दूर विश्रामबागेत एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीतल्या सदनिकेचे ४६ लाख सांगितले गेले आणि जवळपास तेवढ्याच क्षेत्राच्या त्या नदीकडच्या सदनिकेचे २७ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हिशेब केला तर ४६ लाखांच्या घराला पदरचे सव्वानऊ लाख घालून महिन्याला सुमारे ३२ हजारांचा हप्ता येतो, आणि २७ लाखांच्या घराला पदरचे पावणेतीन लाख घालून सुमारे २१ हजारांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील आणि गॅसपासून पडद्यापर्यंतचा खर्च निराळा. (४६ लाखांच्या सदनिकेची आणखी एक गंमत अशी की ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घराला वस्तू व सेवा कर १ टक्का आणि त्याच्या वर ५ टक्के, म्हणून विक्रेत्याच्या माणसाने 'कागदावर ४५ दाखवू, वरचा एक रोख द्या' असे इतक्या सहज सुचवले की भाच्याला ती सवलतच वाटली.) पन्नास हजारांच्या आत पगार असलेले कुटुंब या दोन घरांतून कोणते निवडेल, हे विचारण्याचीही गरज नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यातले व्याज अनुदानही ३५ लाखांपर्यंत किमतीच्या घराला आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जाला मिळते. म्हणजे अनुदानही त्या कुटुंबाला २७ लाखांकडेच, पर्यायाने उताराकडे ढकलते.

बाजारावर श्रद्धा असलेले माझे एक मित्र म्हणतात की ही १९ लाखांची तफावत म्हणजेच पुराची माहिती. बाजाराने ती किमतीत आधीच धरली आहे. मला हे पटत नाही. किमतीत माहिती उतरते ती ज्याच्याकडे माहिती असते त्याच्यासाठी. गावभागात किंवा खणभागात चार पिढ्या काढलेल्या माणसाला कोणती गल्ली कधी बुडते हे ठाऊक असते आणि तो त्या हिशेबाने भाव करतो. पण आज सांगलीत पहिले घर घेणारी कितीतरी कुटुंबे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा कमी पावसाच्या तालुक्यांतून नोकरीसाठी आलेली आहेत. त्यांना स्वस्त घर हे नशिबाने मिळालेले घर वाटते. आमच्या भाचेसुनेला एका एजंटाने उत्साहाने सांगितले होते की या भागात पाण्याची कधीच टंचाई नसते, आणि त्या वाक्यातला विनोद त्याच्याही लक्षात आला नव्हता.

नदीच्या काठापासून दूर गेले की पुराचा प्रश्न सुटतो आणि कागदांचा सुरू होतो. सांगलीत 'गुंठेवारी' हा शब्द ज्याला माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर, गुंठा १०८९ चौरस फुटांचा. शेतकऱ्याने एकर-दोन एकर एखाद्या मध्यस्थाला द्यावे, त्याने चुन्याच्या रेषा मारून गुंठा-अर्धा गुंठा तुकडे पाडावेत, आणि नोटरी केलेल्या कागदावर, कब्जेपट्टीवर किंवा मुखत्यारपत्रावर कामगारांना, हमालांना, शिपायांना विकावेत, अशा रीतीने या शहराचे अख्खे उपनगरी पट्टे उभे राहिले. हे लोक कायदा मोडायला निघालेले नव्हते. मंजूर रेखांकनातला भूखंड त्यांच्या आवाक्यात कधी आलाच नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम आला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड नियमित करण्याची वाट मोकळी झाली. २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली गेली. नियमितीकरण व्हायला हवे होते यात मला शंका नाही, कारण लाखो संसार कायमचे बेकायदा ठेवणे हा काही उपाय नव्हे. परंतु वीस वर्षांच्या अंतराने दोनदा मिळालेल्या या मुदतीने बाजाराला एक गोष्ट पक्की शिकवली, आणि ती म्हणजे आधी बांधावे, कायदा मागून येतो. एका रेखांकन नसलेल्या जागेवर चुन्याच्या रेषांमध्ये उभे राहून आम्हाला हेच शब्द जवळपास असेच ऐकवले गेले.

दुसऱ्या बाजूला १९४७ चा तुकडेबंदी कायदा, जो ठरवून दिलेल्या किमान प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकू देत नाही. २०२३ पासून अनेक जिल्ह्यांत बागायतीचे किमान प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे धरले गेल्यावर ओळखीपाळखीच्या नऊ-दहा कुटुंबांनी मिळून १० किंवा ११ गुंठे एकत्र विकत घ्यायचे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे सामाईक लावायची आणि प्रत्यक्षात आपापला गुंठा वाटून घ्यायचा, अशी पळवाट रूढ झाली. कागदावर अविभक्त हिस्सा, जागेवर कुंपण. उद्या त्यातल्या एकाला कर्ज काढायचे झाले किंवा एकाच्या भावंडांत वाद झाला, की बाकीच्या नऊ जणांचे घर त्या वादात अडकते. राष्ट्रीयीकृत बँका अशा जागेला सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून ते कुटुंब पतसंस्थेकडे किंवा सोनेतारणाकडे वळते आणि जास्त व्याज भरते. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला पैसाही महाग मिळतो. २०२५ मध्ये शासनाने शहरी भागापुरता हा कायदा सैल करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याचे स्वागत करतानाच मला विचारावेसे वाटते की जो तुकडा आता कायदेशीर होईल, तो कोणत्या पातळीवर आहे हे त्याच्या कागदावर लिहायला हीच वेळ योग्य नव्हे काय?

कारण गुंठेवारी आणि पाणी हे दोन प्रश्न मुळात वेगळे नाहीतच. शेत कापून भूखंड पाडताना पहिला बळी जातो तो नैसर्गिक ओढ्याचा, ज्याला आमच्याकडे ओत म्हणतात. पावसाचे पाणी ज्या सखल वाटेने पूर्वापार नदीकडे जात असे, ती वाट चुन्याच्या रेषेखाली येते, कारण तिच्यातही दोन-चार गुंठे विकण्यासारखे असतात. शामरावनगर परिसरात नदी पात्रात असतानाही नुसत्या पावसाने रस्त्यांवर आणि मोकळ्या भूखंडांत आठवडेच्या आठवडे पाणी साचते, त्याचे हे एक मोठे कारण आहे; तिथली काळी माती पाणी मुरूही देत नाही. मग पैसे असलेला माणूस चार ट्रॉल्या मुरूम टाकून आपला भूखंड तीन फूट उचलतो, आणि ते तीन फुटांचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते. पुढच्या वर्षी शेजारी भराव टाकतो. ज्याला भराव परवडत नाही तो शेवटी सगळ्या गल्लीचे पाणी सांभाळतो. जमिनीची पातळी कोठेच नोंदलेली नसल्यामुळे, कोणी किती भराव टाकला आणि त्याने कोणाचे नुकसान झाले हे सिद्ध करायला कोणतेही साधन त्याच्या हाती नसते.

छोट्या इमारतींचे दुखणे आणखी निराळे आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे रेरा म्हणतात त्याने, ग्राहकाला खरोखर बळ दिले: प्रकल्पाची माहिती उघडी करणे, चटई क्षेत्रावर विक्री, ग्राहकांकडून आलेल्या रकमेतला ७० टक्के वाटा वेगळ्या खात्यात. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतीला ही नोंदणी आवश्यक नाही. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना जरासे कमी. पुण्या-मुंबईच्या मापाने ही सूट किरकोळ असेल, सांगलीत मात्र जुना वाडा किंवा बंगला पाडून तीन मजले आणि सहा किंवा आठ सदनिका हीच नेहमीची इमारत आहे. आम्ही पाहिलेल्या सदनिकांपैकी निम्म्याहून अधिक अशा होत्या. सदनिकांच्या विक्रीचा १९६३ चा जुना कायदा, म्हणजे मोफा, तिथे लागू असतो, पण माहिती आपणहून जाहीर करायला लावणारी आणि घरबसल्या पाहता येणारी सोय तिथे नसते. लहान शहरातला ग्राहक लहान इमारत घेतो म्हणून त्याचे संरक्षणही लहान, हा हिशेब कोणत्या न्यायाचा?

आपल्याकडे पुराची चर्चा होत नाही असे कोणी म्हणणार नाही. कृष्णेवर सांगलीच्या खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकाच्या प्रस्तावावर सांगलीत मोर्चे निघतात, वरच्या अंगाच्या कोयना धरणातून किती हजार क्यूसेक सोडले हे चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते, २०१९ च्या पुरानंतर त्याच्या अभ्यासासाठी नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीच्या अहवालावर जाणकार अजून वाद घालतात. हे सगळे योग्यच आहे. पण धरणांच्या चर्चेत आपण एका सोयीस्कर गोष्टीकडे पाठ फिरवतो: पाणी कोठून आणि किती आले याला शेजारचे राज्य, जलसंपदा खाते आणि पाऊस जबाबदार असतील, त्या पाण्याच्या वाटेत घरे कोणी विकली याला आपल्यापैकीच माणसे जबाबदार आहेत. अलमट्टीच्या मोर्चात तावातावाने घोषणा देणारा गृहस्थ सोमवारी त्याच पट्ट्यातला आपला भूखंड 'इथं काही भीती नाही' म्हणून विकतो, असे उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

विक्रेत्याने दोष सांगावा असा कायदा नाही का? आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ सांगते की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि सामान्य सावधगिरीने त्याला सापडू शकत नाही, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. मेख 'सामान्य सावधगिरी' या शब्दांत आहे. शेजारच्या आजींना विचारले असते तर कळले असते, असे म्हणायला विक्रेता मोकळा राहतो. पातळीची नोंद सक्तीची केली की ही पळवाट बंद होते आणि आजींवरची जबाबदारीही उतरते.

नोंद कशी असावी याबद्दल माझा आग्रह असा की ती रेषांच्या भाषेत नसावी, कारण रेषेच्या आत की बाहेर एवढ्यावरच पुन्हा वाद आणि वशिला सुरू होतो. ती फुटांत असावी आणि आयर्विनच्या मापाशी जोडलेली असावी: पुलाशी पातळी इतके फूट झाली की या जागेच्या जमिनीला पाणी लागते, २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये इथे इतके पाणी होते. हा आकडा सांगलीकराला एका क्षणात समजतो. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. जो भूमी अभिलेख विभाग घराच्या सीमा हवेतून मोजू शकतो, त्याला जलसंपदा विभागाच्या मदतीने जमिनीची उंची नोंदणे अशक्य असेल असे मला वाटत नाही. नोंद झाल्यावर ती सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यातही उतरावी, म्हणजे बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्यालाही ती डावलता येणार नाही. आज कर्ज देताना बँक घराचे वय, रस्त्याची रुंदी आणि दोघांच्या पगाराच्या पावत्या बारकाईने पाहते. १ एप्रिल २०२१ पासून मिळू लागलेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित विमा पॉलिसी पुराचे नुकसान भरून देते, हे मात्र आमच्या भाच्याला कर्जाची चौकशी करताना एकाही टेबलावर कोणी सांगितले नाही.

या सूचनेवरचा सर्वांत मोठा आक्षेप मला बाहेर शोधावा लागत नाही, तो माझ्याच घरात आहे. गावभागातले माझे घर २०१९ मध्येही बुडाले आणि २०२१ मध्येही. उद्या त्याच्या मालमत्ता पत्रकावर तो आकडा छापला गेला तर त्याची किंमत उतरेल, बँक हात आखडता घेईल, आणि माझ्या म्हातारपणाची जी एकमेव पुंजी आहे ती निम्म्यावर येईल. माझ्यासारखी हजारो कुटुंबे या शहरात आहेत आणि त्यांतली बरीच माझ्याहून गरीब आहेत. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याचा नीट विचार केला की दिसते, माझ्या घराची आजची किंमत अंशतः पुढच्या माणसाच्या अज्ञानावर उभी आहे. ते अज्ञान विकून माझी पुंजी सुरक्षित ठेवायची तर ती वसूल व्हायची आहे आमच्या भाच्यासारख्यांकडून, वीस वर्षांच्या हप्त्यांनी. किंमत उतरण्याचा फटका खरा आहे, म्हणून त्याचा भार एकट्या घरमालकावर पडू नये. नोंद झालेल्या घरांना घरपट्टीत सूट, जोते किंवा एक मजला उचलण्यासाठी स्वस्त कर्ज, आणि विम्याच्या हप्त्यात वाटा, हे शासनाने त्याच निर्णयात द्यावे. पूर येऊन गेल्यावर सानुग्रह अनुदान वाटण्यापेक्षा यात पैसा थोडा तरी कामाला येईल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आकडा लिहून काय होणार, गरिबाला परवडते तेच तो घेणार, असे एका वकील मित्राने मला विचारले. उंचावरची आणि कायदेशीर जागा त्याच्या आवाक्यात आणली नाही, तर आकडा त्याला केवळ घाबरवेल, हे मला मान्य आहे. त्यासाठी १९६६ च्या नगररचना कायद्यातली नगररचना योजना हे साधन हाताशी आहे: शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, गटारी, ओढ्यांच्या वाटा आणि मोकळ्या जागा आधी सोडायच्या आणि उरलेले आखीव भूखंड मालकांना परत द्यायचे. त्यात एक-एक, दीड-दीड गुंठ्यांचे मंजूर भूखंड ठेवले, तर मध्यस्थाच्या चुन्याच्या रेषांना पहिल्यांदाच खरी स्पर्धा उभी राहील. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली तेव्हा मिरज आणि कुपवाडच्या बाजूची चढावरची जमीन तुलनेने मोकळी होती. तिथे हे करायला चांगली वीस वर्षे मिळाली होती. आजही बुधगाव, माधवनगरच्या बाजूला शहर सरकते आहे, आणि पुन्हा चुनाच पुढे आहे.

आमचा शोध सध्या थांबला आहे, कारण पाऊस सुरू झाल्यावर जागा पाहायच्या आणि तोवर कोणालाही विसार द्यायचा नाही, असे भाचेसुनेने ठरवले आहे. तिने शाळेतल्या हजेरीपटासारखी एक वही आखली आहे: जागा, क्षेत्र, किंमत, एनए (बिगरशेती), भोगवटा प्रमाणपत्र, आणि शेवटचा रकाना 'पाणी'. अजून विचारात असलेल्या आठ जागा त्यात आहेत. सात जागांपुढे शेवटच्या रकान्यात गुडघा, कंबर, पायरी, 'अंगणापर्यंत', 'आलं नाही' असे शब्द आहेत, ते सगळे शेजारपाजारच्या बायकांनी सांगितलेले. आठव्या जागेपुढे तो रकाना कोरा आहे, कारण तिथले शेजारीही भाडेकरू निघाले आणि २०२१ नंतर राहायला आलेले.